पोरांच्या जेवणासाठी काढलेला फुटबॉल क्लब, आणि आपला प्रस्तावित क्लब

क्लाइडकाठचा
प्रश्न दोन ओळींचा आहे, पण आधी इतिहास. ज्यांना फुटबॉलचा कंटाळा आहे त्यांनी थेट शेवटच्या परिच्छेदावर उडी मारावी.

मी ग्लासगोत राहतो. इथला सेल्टिक क्लब, हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, बऱ्याच जणांना नावाने माहीत असेल. हा क्लब निघाला तो पोरांच्या जेवणाचा खर्च भागवायला. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सलग काही वर्षं सडलं, दुष्काळ पडला आणि लाखो लोक देश सोडून निघाले. त्यातले हजारो ग्लासगोच्या पूर्व भागात येऊन पडले. गिरणी, गोदी, खाण, मिळेल ते काम आणि एकेका खोलीत अख्खं कुटुंब. स्लायगो परगण्यातला अँड्र्यू केरिन्स नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा १८५५ मध्ये असाच आला. पुढे तो मारिस्ट या कॅथलिक धर्मसंघात ब्रदर झाला, नाव घेतलं वॉल्फ्रिड, आणि सेक्रेड हार्ट शाळेचा मुख्याध्यापक झाला. १८७२ च्या कायद्याने शाळा सक्तीची झाली होती, पण उपाशी पोर वर्गात बसणार कसं? म्हणून त्याने आणि सेंट मेरीजच्या ब्रदर डोरोथियसने पंगत सुरू केली. एका पेनीत गरम जेवण. पाव घरून आणला तर अर्ध्या पेनीत वाडगाभर सूप. फुकट नव्हतं, आणि मला ते फार आवडतं.

१८८७ मध्ये एडिनबराच्या आयरिश लोकांच्या हिबर्नियन संघाने स्कॉटिश कप जिंकला आणि इथल्या आयरिश मंडळींनी त्यांना सेंट मेरीजच्या हॉलमध्ये मेजवानी दिली. तिथे पाहुण्यांनीच सुचवलं की तुम्हीही असं काही काढा. ६ नोव्हेंबर १८८७ ला क्लबची स्थापना झाली. जानेवारी १८८८ च्या वर्गणीच्या पत्रकात स्पष्ट लिहिलंय की तीन पॅरिशमधल्या (चर्चच्या हद्दीतल्या) गरजू मुलांच्या पंगतीला पैसा पुरवणं हा क्लबचा मुख्य हेतू. मैदान लोकांनी श्रमदानाने तयार केलं. २८ मे १८८८ ला पहिला सामना ग्लासगोतल्याच रेंजर्स संघाशी झाला, सेल्टिक ५–२ ने जिंकलं.

१८९२ मध्ये वॉल्फ्रिडची लंडनला बदली झाली. १८९७ मध्ये क्लब मर्यादित कंपनी झाला. भागधारकांना लाभांश मिळायला लागला, आणि पंगतीकडे जाणारा पैसा तोवर आटलेला होता. दहा वर्षं, बस्स.

आता प्रश्न. आम्ही काही मराठी टाळकी दर आठवड्याला इथे भाड्याच्या टर्फवर खेळतो. रीतसर क्लब काढू, स्पर्धा भरवू आणि जमेल तो पैसा महाराष्ट्रातल्या गरजू पोरांसाठी पाठवू, असं काहींच्या डोक्यात आलंय. माझं मत असं की खेळ आणि दान एकाच गल्ल्यात ठेवले की कधीतरी खेळ जिंकतो. सेल्टिकमध्ये कुणी चोर नव्हता, तरी तेच झालं. तुम्हाला काय वाटतं? कुणी असं चालवलंय का? आणि पैसे नेमके कशाला द्यावेत?

आगाऊ_बॅक
पहिला!
शेवटच्या परिच्छेदावर उडी मारली, पाय मुरगळला. आता बाकीचं बाकावर बसून वाचतो.

पेठेतला_पंच
भावा, लई अभ्यास केलास, पण गाडी उलटी लावलीस. तू म्हणतोस खेळ दान खातो. मी म्हणतो खेळ नसता तर दानाला गल्लाच नसता.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमीतनं वाढला. पेठेपेठेची तालीम आणि तिचाच संघ. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर असले की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, दुकानदार लवकर शटर ओढतात. खेळाडूला बूट पाहिजे म्हटल्यावर पेठेतला माणूस खिशात हात घालतो तो कशामुळं? ईर्ष्येमुळं. पलीकडच्या पेठेला हरवायचंय म्हणून. तोच माणूस 'गरजू मुलांसाठी' म्हटल्यावर पाकीट घरी विसरलेला असतो.

तर आधी विरोधी संघ शोध. ग्लासगोत तमिळ मंडळींचा संघ आहे का? त्यांना पहिल्यांदा डिवचा.

लीथची_सुमा
एडिनबराहून हजर. आमच्या घरात नवरा आणि लेक दोघेही हिब्सचे, म्हणजे हिबर्नियनचे, त्यामुळे हा धागा मला तटस्थपणे वाचता येणार नाही हे आधीच सांगते.

क्लाइडकाठचा, तुम्ही मेजवानी सांगितलीत आणि पुढचं सोयीस्करपणे गाळलंत. हिब्स १८७५ मध्ये काउगेटच्या सेंट पॅट्रिक्स चर्चमधून निघाला, कॅनन एडवर्ड हॅनन यांनी काढला. त्या भागाला तेव्हा 'लिटल आयर्लंड' म्हणत. दारू न पिणारीच पोरं घ्यायची आणि पैसा धर्मादाय कामाला द्यायचा, अशी शिस्त. त्यांनी ग्लासगोकरांना मोठ्या मनाने 'तुम्हीही काढा' म्हटलं, आणि ग्लासगोकरांनी पुढच्याच वर्षी हिब्सचे चांगले चांगले खेळाडू फोडले! स्कॉटलंडमध्ये पैसे घेऊन खेळायला १८९३ पर्यंत परवानगी नव्हती, तेव्हा हे खेळाडू कशाच्या मोहाने गेले ते तुम्हीच समजून घ्या. १८९१ मध्ये हिब्स बंद पडला. पुन्हा उभा राहिला तेव्हा फक्त कॅथलिकांचा हा नियम काढून टाकला होता.

सेल्टिकच्या पंगतीत पहिला घास आमचा होता, एवढंच नोंदवते.

पण यातून एक निघतं. सोवळं पाळणारा क्लब बुडाला आणि व्यवहारी क्लब टिकला. ज्या क्लबने दान सोडलं तो आज दान देण्याइतका मोठा आहे. हे मला पटत नाही, पण खोडताही येत नाही.

आगाऊ_बॅक
सुमाताई, १३० वर्षांपूर्वी फोडलेल्या खेळाडूंचा राग अजून? तुम्ही नक्की कोल्हापूरच्या नाही ना?

लीथची_सुमा
सांगलीची. म्हणजे जवळजवळ तेच.

पेठेतला_पंच
"जवळजवळ तेच" यावर आमचा आक्षेप नोंदवून घ्यावा.

हिशेबनीस
उत्साहावर पाणी ओततोय, पण वेळेत ओततोय.

१) भारतात पैसा पाठवायचा तर परकीय देणगी कायदा, म्हणजे एफसीआरए २०१० आणि त्यातली सप्टेंबर २०२० ची दुरुस्ती. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी, आणि तो पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. गडचिरोलीतली संस्था असली तरी खातं दिल्लीत.

२) एका संस्थेने घेऊन दुसरीला वाटून देणं २०२० पासून बंद आहे. "एका मोठ्या ट्रस्टला देऊ, ते पुढे छोट्या शाळांना देतील" हा बेत असेल तर विसरा.

३) प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के झाली आहे. छोट्या संस्थांचा जीव इथेच जातो.

४) तुमच्यातल्या ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, वैयक्तिक दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. ओसीआयवाल्यांची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, धरली जाते. क्लबच्या नावाने गेलेली तर धरली जातेच, मग सगळे सभासद सदाशिव पेठेतले का असेनात.

५) ब्रिटनच्या बाजूने: स्कॉटलंडमध्ये स्वतःला 'चॅरिटी' म्हणवून घ्यायचं तर तिथल्या नियामकाकडे नोंदणी लागते, रक्कम कितीही छोटी असो. त्या नियामकाचं लघुनाव गमतीने ऑस्कर आहे. नोंदणी आणि पुढे कर खात्याची मान्यता झाली की करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडावर सरकारकडून २५ पेन्स जादा मिळतात. ही रक्कम सोडू नका.

तिरकस_बोल
हिशेबनीस यांनी कायद्याचं सांगितलं, मी साधं अंकगणित सांगतो. टर्फचं भाडं, जर्सी, पंच, चषक, बॅनर आणि नंतरची बिर्याणी. हे सगळं वजा जाता जे उरेल ते 'गरजू मुलांना'. त्यापेक्षा ज्यांना द्यायचं आहे त्यांनी फोन उघडून थेट द्यावं, आणि ज्यांना खेळायचं आहे त्यांनी खेळावं. गरीब पोरांचा फोटो बॅनरवर लागतो तो पोरांसाठी लागत नाही, खेळणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून लागतो.

आणि वॉल्फ्रिडबाबाचं कौतुक चाललंय तर हेही सांगा की पंगतीमागे अजून एक हिशेब होता. प्रोटेस्टंट मिशनवाल्यांची सूपची कढई शेजारीच होती, आणि आपली कॅथलिक पोरं तिकडे जाऊन धर्म बदलतील ही धास्ती होती.

रविवारचा_गोलकीपर
तिरकस, अर्धं पटलं. आधी मी ज्या शहरात होतो तिथल्या एका मंडळाने (नाव नको) अशीच स्पर्धा भरवली होती. ताळेबंद मांडला तेव्हा चषक देणगीपेक्षा महाग निघाला. तीन थरांचा, वर सोनेरी गरुड. जिंकणाऱ्या कॅप्टनच्या बायकोने तो घरात ठेवायला नकार दिला, तो अजून कुणाच्या तरी गॅरेजमध्ये असेल.

उरलेलं अर्धं मात्र पटलं नाही. फोन उघडून थेट देणारे एकदा देतात आणि विसरतात. दर आठवड्याला तोंडं दिसतात तिथे विसरता येत नाही. सध्याच्या गटात आम्ही एवढंच करतो की खेळायला येणारा टर्फच्या पैशांसोबत पोरांचे पैसेही देतो, त्याच वेळी, त्याच मेसेजमध्ये. नाही आला तरी पोरांचे द्यायचे. स्पर्धा नाही, चषक नाही, बॅनर नाही.

क्लाइडकाठचा
@तिरकस_बोल, धर्माचं बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं पण लांबण लागली असती. दुष्काळात आयर्लंडमध्येही सूपच्या बदल्यात धर्मांतर झाल्याच्या आठवणी ताज्या होत्या. म्हणजे पंगत भुकेसाठी होती आणि कळप राखण्यासाठीही. दोन्ही खरं. मात्र क्लब आतून तेवढा सोवळा राहिला नाही. १८९५ मध्ये संघात प्रोटेस्टंट खेळाडू तीनच असावेत असा ठराव आला होता, तो फेटाळला गेला. १९६७ मध्ये युरोपियन कप जिंकून देणारे व्यवस्थापक जॉक स्टीन प्रोटेस्टंट होते. समोरच्या, प्रोटेस्टंटांचा मानल्या जाणाऱ्या रेंजर्सने गाजावाजा होऊन कॅथलिक खेळाडू घेतला तो थेट १९८९ मध्ये.

चिंचपोकळी_लोकल
मग तुमचा क्लब फक्त मराठी का? गोलकीपर तेलुगू चालेल का?

आगाऊ_बॅक
आमच्याकडे गोलकीपर कुठलाही चालतो. उभा राहिला तरी पुरे.

कोलकात्याची_सून
सेल्टिकचं नाव निघालं आणि मोहम्मद सलीमचं नाव नाही? आमच्या सासऱ्यांनी हा धागा वाचला असता तर तुम्हाला मिष्टी दोई मिळाली नसती.

सलीम कोलकात्याच्या मेटियाब्रुजचा. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली, त्या संघात होता. १९३६ मध्ये ग्लासगोत राहणाऱ्या भावाने त्याला बोटीवर चढवून थेट सेल्टिकच्या दारात नेलं. हा अनवाणी खेळायचा. व्यवस्थापक विली मेली यांना आधी खरंच वाटेना, मग त्याला खेळताना पाहिलं. पायाला बँडेज गुंडाळून तो सेल्टिककडून दोन सामने खेळला, आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'भारतीय जादूगार' छापाची विशेषणं दिली. त्याच्या पायाला बँडेज बांधतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. समोर गुडघ्यावर बसलेला गोरा माणूस, आणि हा एक पाय पुढे करून शांत. १९३६ सालचा आहे हे लक्षात ठेवून तो फोटो बघा.

पुढची गोष्ट आपल्या विषयाची. सलीमला घराची ओढ लागली. त्याने राहावं म्हणून क्लबने त्याच्यासाठी धर्मादाय सामना ठेवू, उत्पन्नातला पाच टक्के वाटा तुझा, असं सांगितलं. त्याने तो वाटा सामन्याला बोलावलेल्या अनाथ मुलांना देऊन टाका म्हटलं. सांगतात की पाच टक्के म्हणजे किती हे त्याला ठाऊक नव्हतं, आकडा कळल्यावरही त्याने शब्द फिरवला नाही. आकडा मी लिहीत नाही, कारण तो प्रत्येक सांगणाऱ्यागणिक वाढतो.

म्हणजे कंपनी होऊन चाळीस वर्षं झालेल्या क्लबात दानाची आठवण करून दिली ती आपल्या माणसाने :)

क्लाइडकाठचा
दंडवत! हा प्रतिसाद इथल्या पबमध्ये ऐकवणार आहे.

बाणावलीकार
दुबईहून. आमच्या गोंयकारांना हा प्रकार नवीन नाही. मुंबईत धोबीतलाव-गिरगावकडे गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या राहण्याच्या खोल्या होत्या, काही अजून आहेत. बोटीवर नोकरी धरायला निघालेला तारवटी गावच्या कुडीत उतरायचा. खाट नसली तरी स्वतःची ट्रंक असायची, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचा, महिन्याला किरकोळ वर्गणी द्यायची. गाव हाच क्लब, त्यामुळे फुटबॉलचा संघही गावाच्या नावाचा. माझा आजोबा कुडीत राहून गेलेला, तो सांगायचा की गावच्या चॅपलच्या फेस्ताला जेवढे पैसे निघायचे त्याच्याहून जास्त फुटबॉलच्या बुटांना निघायचे. पेठेतला_पंच यांचा मुद्दा आमच्याकडे पाद्रीबाब मान्य करणार नाहीत, पण खरा आहे.

आखातात मात्र सांभाळून. युएईत परवान्याशिवाय देणगी गोळा करणं हा गुन्हा आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'प्रत्येकी पन्नास दिरहम' टाकलंत तरी. २०२१ च्या कायद्याने ते अजून कडक केलंय. त्यामुळे आम्ही इथे नुसते खेळतो. गोव्याला सुट्टीवर जाणारा प्रत्येक जण गावातल्या पोरांसाठी स्वतःच्या पैशाने बूट किंवा हातमोजे घेऊन जातो आणि गावच्या कोचच्या हातात देतो. गल्लाच नाही, मग भांडण कसलं?

हिशेबनीस
बाणावलीकार, ही पद्धत मला सर्वांत आवडली. माझा धंदा मात्र बुडवेल.

वैनगंगाकाठ
नागपूरचं कोणीच बोलून नाही राहिलं म्हणून लिहितो. विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली, त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. तेच पुढे स्लम सॉकर. बेघरांच्या विश्वचषकाला भारताचा संघ तेच नेतात, आणि २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार त्यांना मिळाला. अमिताभचा सिनेमा आला तेव्हा सगळ्यांना माहीत झालं, त्याआधी काहून कोणी विचारत नव्हतं बे?

मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरातली ऑस्कर फाउंडेशन पण बघा (हिशेबनीस, तुमचं ऑस्कर नाही, हे दुसरं). अशोक राठोड यांनी वस्तीतल्याच पोरांना घेऊन उभं केलं. नियम एकच, शाळेत नाही गेला तर फुटबॉल नाही.

तर क्लाइडकाठचे भाऊ, तुम्ही नवीन दुकान कशाला मांडता? जे वर्षानुवर्षं उन्हात उभे आहेत त्यांच्याकडे जा.

बाई_वर्गात_आहेत
बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. धागा दोन दिवस वाचतेय, आज रविवार म्हणून टंकते.

जेवणाचा प्रश्न शाळेच्या वेळेपुरता सुटलाय. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्या म्हणून आदेश दिला, आता आमच्याकडे खिचडी, वरण-भात, कधी उसळ असते. पेनी लागत नाही. अडचण येते ती दिवाळीनंतर. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता (तोडणीची जोडी) साखर कारखान्याला निघतो, आणि पोरं एक तर बैलगाडीत नाहीतर आजीकडे. हंगामी वसतिगृह असेल तर थोडी थांबतात. पट निम्मा होतो. मार्चमध्ये परत येतात तेव्हा पाढे विसरलेले असतात आणि बोटांना उसाच्या पात्यांच्या चिरा असतात.

फुटबॉलबद्दल विचाराल तर आमच्याकडे एक चेंडू आहे. मैदानाच्या कडेला बाभळी आहेत. चेंडू काट्यावर गेला की फुगा बसतो, मग सायकलवाल्याकडून पंक्चर काढून आणायचं, तो शिवण उसवतो, ब्लॅडर बाहेर काढतो, ठिगळ लावतो आणि पुन्हा शिवतो. आता तो चेंडू गोल राहिलेला नाही. कुठे जाईल कुणाला सांगता येत नाही, त्यामुळे आमचे गोलकीपर फार तयार झालेत.

सहावीतली एक मुलगी त्या चेंडूसाठी आजीकडे राहिली. आईबरोबर जायला नको म्हणाली, संघात आहे म्हणाली. संघ म्हणजे काय, आठ मुली आणि मी शिट्टी घेऊन.

पैसे कशाला द्यावेत असं तुम्ही विचारलंत. चेंडू पाठवू नका, चेंडू आम्ही वर्गणीतून आणू. नोव्हेंबर ते मार्च रोज संध्याकाळी मैदानावर येईल असा एक माणूस हवा, आणि त्याला दरमहा वेळेवर मानधन. गावातली बारावी झालेली मुलं-मुली आहेत, तयार आहेत. देणगीदार येतात ते गणवेश देतात, फोटो काढतात आणि जातात. माणसाचा पगार कुणालाच द्यायचा नसतो, कारण पगाराचा फोटो निघत नाही.

आगाऊ_बॅक
...आज विनोद नाही. बाई, नमस्कार.

तिरकस_बोल
बाईंच्या प्रतिसादाला +१. माझा आक्षेप फोटोवर होता, तो त्यांनी माझ्याहून नीट मांडला.

क्लाइडकाठचा
बाई, तुमचं वाचून इथली एक गोष्ट आठवली. आयर्लंडच्या अ‍ॅकिल बेटावरून आणि डोनेगलकडून माणसं दर हंगामाला स्कॉटलंडात बटाटे काढायला यायची. टोळीने यायची, त्यांनाही मुकादम असायचा, शेतावरच्या गोठ्यासारख्या जागेत झोपायची. सप्टेंबर १९३७ मध्ये ग्लासगोजवळच्या किर्किंटिलॉकला अशाच जागेला रात्री आग लागली आणि अ‍ॅकिलची दहा मुलं गेली. सगळ्यांत लहान तेरा वर्षांचा. सेल्टिक तेव्हा लीगमधला बलाढ्य संघ होता, आणि ज्यांच्या पोरांसाठी क्लब निघाला होता त्यांची पोरं अजून शेतात झोपत होती. म्हणून मला तो १८९७ चा मुद्दा टोचतो.

लीथची_सुमा
हे माहीत नव्हतं.

पण मग आजचंही सांगा, नाहीतर सेल्टिकवर अन्याय होईल (हे मी लिहितेय, बघा). १९९४ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून परत आला, आणि १९९५ मध्ये मूळ हेतूची आठवण ठेवून धर्मादाय निधी पुन्हा सुरू केला. आता त्याचं स्वतंत्र फाउंडेशन आहे, वेगळी नोंदणी, वेगळे विश्वस्त, वेगळा हिशेब. शिवाय चाहत्यांनी आपापलं चालवलेलं निराळंच. कानो फाउंडेशन मुलांना फुकट सामना दाखवतं, आणि उभं राहून ओरडणारी ती ग्रीन ब्रिगेडवाली पोरं स्टेडियमबाहेर फूडबँकेसाठी धान्य गोळा करतात. क्लबने सोडलेलं काम चाहत्यांनी उचललं.

हिशेबनीस
सुमाताईंनी मूळ प्रश्नाचं उत्तर दिलंय. दोन गल्ले. खेळाचा क्लब वेगळा, दानाची संस्था वेगळी, आणि दोन्हीकडे एकच खजिनदार नको. धर्मादाय संस्थेला निदान तीन विश्वस्त असावेत असं धरा. त्यातला एक तरी फुटबॉल न खेळणारा घ्या, म्हणजे जर्सीचा विषय निघाला की तो जांभई देईल.

बाईंच्या गावाबाबत: शाळेला थेट पाठवता येणार नाही. त्या भागात काम करणारी, एफसीआरए नोंदणी असलेली संस्था शोधा आणि देणगीपत्रात 'मैदान प्रशिक्षकाचं मानधन, नोव्हेंबर ते मार्च' असा हेतू लिहून घ्या. संस्था मिळेपर्यंत भारतीय पासपोर्टवाल्यांनी वैयक्तिक देणगी द्यावी, रोख नको, बँकेतून. ८०जी (देणगीवरच्या करसवलतीची मान्यता) असलेल्या संस्थेला दिलीत आणि भारतात कर भरत असाल तर सवलत मिळेल.

रविवारचा_गोलकीपर
आणि पोरांचे पैसे आधी. टर्फ बुक व्हायच्या आधी. उरलं तर द्यायचं ठरवलं की कधीच उरत नाही.

पेठेतला_पंच
ते सगळं बरोबर हाय, पण विरोधी संघाशिवाय पब्लिक येणार नाही हे मी अजून म्हणतो. वर्षातनं एक मॅच ठेवा. एडिनबराची मराठी मंडळी विरुद्ध ग्लासगोची. हरणाऱ्यानं बाईंच्या माणसाचा एक महिन्याचा पगार द्यायचा.

लीथची_सुमा
मान्य! आमच्याकडे खेळाडू आहेत. फोडू नका म्हणजे झालं.

क्लाइडकाठचा
शनिवारी टर्फवर सगळ्यांशी बोललो. 'पोरांचे पैसे आधी' मान्य झालं. नोंदणीचे कागद एक वहिनी बघणार आहेत, त्यांना फुटबॉलचा मनापासून तिटकारा आहे, म्हणजे हिशेबनीसांची अट पूर्ण. बाईंना व्यक्तिगत निरोप केलाय, संस्थेची नावं त्या विचारून सांगतायत. एडिनबराची मॅच मे महिन्यात, तोवर इथे चिखल असतो.

एकच भांडण उरलंय. जर्सीचा रंग. हिरवा घेतला तर रेंजर्सवाले शेजारी बोलणार नाहीत, निळा घेतला तर सेल्टिकवाले.

चिंचपोकळी_लोकल
भगवा घ्या.

लीथची_सुमा
नको हो! इथे नारिंगीला वेगळाच अर्थ आहे, तो प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज मोर्चांचा रंग, तसा मोर्चा निघेल तुमचा.

बाणावलीकार
पिवळा?

पेठेतला_पंच
निळा-पांढरा. पाटाकडीलचा. विषय संपला.

तिरकस_बोल
जर्सीचे पैसे कुठल्या गल्ल्यातून?

रविवारचा_गोलकीपर
प्रत्येकाच्या घरी एक जुना पांढरा टी-शर्ट असतोच.

आगाऊ_बॅक
माझा आता पांढरा राहिलेला नाही, चालेल का?